बत्तिसावा चौथरा

४ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून मी नोकरदार बाई! दुबईत आठ वर्षं घर सांभाळण्यात गेली, आता गळ्यात माझं स्वतःचं ओळखपत्र आहे. आणि नोकरी कुठे, तर रानात! बाहेर नोव्हेंबरातही डोकं तापवणारं ऊन, आणि मॉलमधल्या या काचेच्या दालनात चक्क गोव्याचं जंगल उभं केलंय. गवा, शेकरू, धनेश, भेकर, खवल्या मांजर... सगळे फायबरचे, पण इतके हुबेहूब की गव्यासमोरून जाताना मी आपोआप अंग चोरलं. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्याची, वडील वनरक्षक, म्हणून मराठी माहिती लिहून माझ्याच आवाजात ध्वनिमुद्रित करायचं काम मला मिळालं. नवरा, सुरेश, चिडवतो, की रानातून पळून वाळवंटात आलीस आणि शेवटी रानातच जाऊन बसलीस. लेकीला, केयाला, शाळेची बस ऊद मेथा भागातल्या शाळेतून अडीचला इथेच सोडणार. भेकरासमोरच्या बाकावर ती गृहपाठ करत बसेल, माझ्या डोळ्यांसमोर. सगळं कसं छान जुळून आलंय.

७ नोव्हेंबर, गुरुवार
ध्वनिमुद्रण संपलं. प्राण्यासमोर कुणी उभं राहिलं की त्याचं नाव आणि माहिती आपोआप ऐकू येते. एकतीस झाले. बत्तिसावा चौथरा मागे बांबूच्या बेटात आहे, अजून रिकामा. त्यावरचा पुतळा बंदरात अडकलाय. आमचे मॅनेजर गनीसाहेब म्हणाले, यल्ला, चला, आवाज तरी भरून ठेवा.
इथे माझी जीभ अडली. तो पिवळा, काळ्या पट्ट्यांचा. आमच्या गावात रानात त्याचं नाव घेत नाहीत, नुसतं 'मोठा' म्हणतात. नाव घेतलं की त्याला हाक मारल्यासारखं होतं, आणि हाक मारली की तो येतो. वडील खात्याच्या कागदावर नाव लिहीत, पण तोंडाने कधी नाही. मी तर इथेही लिहीत नाहीये, हसू येतं माझं मलाच.
केया वैतागून म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ वर्ड. आय विल डू इट." आणि माइकसमोर उभं राहून तिने खणखणीत नाव घेतलं, वर लाडाने 'ये रे ये'ही जोडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
उद्घाटन झालं, गर्दी छान आहे. एक गंमत. बांबूच्या बेटाकडे जायला दोरी लावून बंदी आहे, तरी तिथून केयाचा आवाज येतो. नाव, आणि ये रे ये. आज नऊ वेळा मोजला. तंत्रज्ञ म्हणाला, एसीच्या झोताने यंत्र फसत असेल. असेल बाई.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी आले तेव्हा सगळे प्राणी बांबूकडे तोंड करून होते. एकतीसच्या एकतीस. पुतळे चौथऱ्यांना बोल्टने घट्ट बसवलेत. सफाईवाल्यांनी हलवले असतील, असं गनीसाहेब म्हणाले. त्यांना रान माहीत नाही. रानात सगळी जनावरं एकाच दिशेला बघू लागली की तिथे काय असतं, हे मला वडिलांनी सहा वर्षांची असताना सांगितलंय. मला भीती वाटतेय.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
मी हात जोडून सांगितलं, तो आवाज काढून टाका. गनीसाहेब आधी हसले, मग माझा चेहरा बघून त्यांनी माझ्यासमोरच तो पुसला. खलास, म्हणाले.
दुपारी आवाज पुन्हा आला. या वेळी पुढे आणखी होतं: मी भेकरासमोर बसते.
हे तिने भरलेलं नव्हतं. केयाला इतकं सरळ मराठी येतच नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार
भेकर भुंकलं. त्याच्या चौथऱ्यातल्या स्पीकरमध्ये फक्त माझा आवाज भरलाय.
प्राणी आता बांबूकडे बघत नाहीत. सगळे बाकाकडे बघताहेत. केयाच्या बाकाकडे. ती वही उघडून बसली होती, मी दप्तरासकट तिला ओढत बाहेर नेलं. रस्ताभर ती रडत होती, मीही.
नोकरी सोडली. सुरेश आधी चिडला, मग राजी झाला. उद्यापासून केया शाळेतून थेट घरी.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
घरीच. आज केयाला शाळेत पाठवलं नाही. इंटरनॅशनल सिटीतलं आमचं दोन खोल्यांचं घर इतकं गोड कधी वाटलं नव्हतं.
संध्याकाळी केया चित्र काढत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, मोठा वाट बघतोय."
'मोठा' हा शब्द मी तिला कधी सांगितला नाही. त्या दिवशीही नाही. मी तो फक्त इथे, या वहीत लिहिलाय —

२० नोव्हेंबर, बुधवार, दुपारी २.२०
शाळेत परीक्षा, म्हणून केयाला सकाळी सुरेशने पोचवलं. मी मॉलमध्ये ओळखपत्र परत द्यायला आलेय. पाच मिनिटांचं काम. गनीसाहेब मीटिंगमध्ये. त्यांच्या ऑफिसबाहेर थांबावं लागतंय.

२.५०
सुरेशचा फोन. बसवाल्याला बदल कळवलास ना, म्हणाला. मला वाटलं तो कळवेल. त्याला वाटलं मी —
बस अडीचला येऊन गेली. तिला इथेच सोडून.

३.०५
बाकावर दप्तर. वही उघडी. केया नाही.
पहारेकरी कॅमेरे बघायला गेलेत. मला इथेच बसायला सांगितलंय. डोकं ताळ्यावर राहावं म्हणून लिहितेय. देवा, माझं लेकरू —

३.१०
प्राणी वळलेत. आवाज नाही झाला, मी खाली बघत लिहीत होते तेवढ्यात —
सगळे माझ्याकडे बघताहेत.

बांबू हलतोय. तंत्रज्ञ काहीही म्हणो, तिथे एसीचा झोत पोचत नाही.

केयाचा आवाज. आतून. त्याचं नाव नाही आता.
"आई, ये."
वडील सांगायचे, रानातून हाक आली तर ओ देऊ नकोस, जाऊ नकोस. पण आवाज तिचा आहे. पुन्हा आला. आई, ये रे ये, म्हणतेय. रडत नाहीये —
हाक मारली की यायचंच असतं. मी दोरी ओलांड