आईचा उंबरा, सरांची सही

३ एप्रिल, लोणावळा
सरांच्या स्टुडिओत त्यांनी कोरलेली नवी तांब्याची प्लेट छापायला घेतली. ड्रायपॉइंट, म्हणजे सुईने थेट तांब्यावर; चित्र नाही, नुसता मजकूर. उलटी अक्षरं वाचायची सवय झालीय, त्यामुळे शाई लावायच्या आधीच वाचलं आणि हात थांबला.
‘आमचा उंबरा दर उनाळ्यात पाण्यातनं वर येतो, कोन आलंय का बगतो, आन् परत जातो.’
आई! धरणात गेलेल्या तिच्या माहेरच्या घराबद्दल बोलली होती. गेल्या वर्षी सर पवनानगरला आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा.
पहिला ठसा मखमलीसारखा काळा आला. सरांनी पेन्सिलीने सही केली, शेजारी लिहिलं : लोकभाषेतून.

४ एप्रिल
बोलले एकदाची.
“सर, हे आईचं वाक्य आहे.”
“अगं सुजाता, अशी वाक्यं लोकांचीच असतात. आपण नुसते निमित्त.”
वर म्हणे, १९ तारखेला इथे स्टुडिओत प्रदर्शन आहे, त्याला घेऊन ये तिला, साडी चांगली नेसायला सांग. मी मान हलवली. हलवली, कारण प्रेस त्यांचं. माझ्या प्लेटा छापायला मी दुसरीकडे कुठे जाणार? पण राग डोक्यात गेलाय. सोडणार नाही.

९ एप्रिल
सुईने तांबं उकरलं की रेघेच्या काठाला बारीक कुसळं उभी राहतात. काळेपणा सगळा त्यांचा. हलक्या तळव्याने पुसायचं असतं, हे सरांनीच शिकवलं. आज जाड कापड घेतलं आणि भांडी घासावीत तसं घासलं. ठसे एकापेक्षा एक फिके.
“फिकं का येतंय गं?”
“कुसळं मोडली, सर. ड्रायपॉइंट आहे, चालायचंच.”
त्यांचा चेहरा पाहून इतकं बरं वाटलं! खोलीवर परत येताना रस्त्यात एकटीच हसत होते.

१० एप्रिल
आज घासताना ‘उंबरा’ जवळजवळ गेला. मग लक्षात आलं, मी पुसतेय कोणाचं? सरांचं काहीच जात नाहीये. फिके ठसेसुद्धा सही करून विकतील. जातंय ते आईचं.
कापड फेकून दिलं. स्वतःवरच चिडले.

१४ एप्रिल, पवनानगर
जयंतीला घरी. पहिला काळा ठसा गुंडाळून घेऊन आले, न विचारता. आईने पांढऱ्या साडीला हात पुसले, मग कागद धरला. अक्षर अक्षर लावून वाचलं. खूश झाली आधी.
“आन् हे खाली काय?”
“सरांची सही. लोकभाषेतून.”
“लोकं म्हंजी कोन? म्या बोलले व्हते. त्यांच्या ताटात मासा वाढता वाढता बोलले.”
नंतर भाकरी थापताना मधेच, “माजं नाव न्हाई लिव्हलं व्हय कुटंच?”
मी दारातून धरणाकडे पाहिलं. पाणी अजून पुरतं उतरलेलं नाही, उंबरा दिसत नाही.

१७ एप्रिल, लोणावळा
सरांनी जाहीर केलं, शेवटचा ठसा प्रदर्शनात, पाहुण्यांसमोर. शाई मी लावायची, पुसायचं मी. ते फक्त प्रेसचं चाक फिरवणार आणि कागद सोलून वर धरणार. टाळ्यांचं काम त्यांच्याकडे.
सर जेवायला गेले. सुई घेतली. खाली कडेला, त्यांची सही येते बरोबर त्या जागी आईचं नाव कोरलं : द्रौपदा. उलटा ‘द्रौ’ काढताना घाम फुटला. शेजारी : हिचं बोलणं.
बाकीची अक्षरं झिजलेली, हे ताजं. सगळ्यांत काळं हेच येणार.

१८ एप्रिल
सरांनी प्लेट पाहिली नाही. हल्ली पाहतच नाहीत, माझ्यावर सोडतात. आज तेही बरंच झालं.
उद्यानंतर हे दार मला बंद. माझी अर्धी राहिलेली प्लेट पिशवीत भरून ठेवली. भीती वाटतेय. तरी नाव खोडावंसं एकदाही वाटलं नाही.

१९ एप्रिल, सकाळ
ठशाचा कागद भिजत टाकलाय, ओल्यावर शाई नीट उठते. खुर्च्या लावून झाल्या, आईची पहिल्या रांगेत, प्रेससमोर. तिला काहीच सांगितलेलं नाही. आत्ता फोन आला, जीपमध्ये बसलीय.
“सुजे, तितं मला कोन काय इचारंल का गं?”
म्हटलं, “विचारतील.”
“मग काय सांगू?”
“तुझं नाव सांग.”