लिटरमागे अर्धा ग्रॅम

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे, तुझी झोप आणि तुझा जुना रेडिओ, तिघांच्याही तब्येती कशा आहेत ते कळव. माझी उत्तम आहे. तुझी भावजय ‘चार दिवस ताईंकडे जाऊन येते’ म्हणून तुझ्याकडे आली, त्याला आज बाविसावा दिवस. (मी मोजत बसलेलो नाही. चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो, आकडे आपोआप लक्षात राहतात.) ती परत का येत नाही हे तिने तुला सांगितलं असेलच. पण एकाच बाजूचं ऐकून निकाल देऊ नये, म्हणून माझी बाजू कळवतो.

दोन वर्षांपूर्वी या जागेत आलो तेव्हापासून तिचं एकच पालुपद, इथलं पाणी जड आहे. साबणाला फेस येत नाही, टॉवेल वाळून पुठ्ठा होतात, केस विंचरले की हातात येतात, तेव्हा पाणी मऊ करायचं यंत्र बसवून घ्या. आता जड म्हटल्यावर माझ्यासारख्याने काय करावं, तूच सांग. मी माळ्यावरून तराजू आणि पितळी वजनं काढली (खात्याने निरोपाच्या वेळी दिलेली), नळाचं एक लिटर पाणी मापून घेतलं आणि तोललं. बरोबर एक किलो. भांड्याचं वजन वजा केलं होतं हे तुला सांगायला नको. मग शेजारच्या शिक्षिकाबाईंकडून बाटलीबंद पाणी आणून तेही तोललं. तेही एक किलो. त्या बाईंच्या समोरच निकाल दिला की पाणी जड नाही, तक्रार निराधार आहे. वहीत तशी नोंद केली आणि तुझ्या भावजयीला सही करायला सांगितलं. तिने केली, अगदी शांतपणे, पूर्ण नाव लिहून. मग आत जाऊन बॅग भरली. मला वाटलं, तिला पटलं.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी शॉवरची भोकं बुजली. दोनच उरली, त्यातली एक धार माझ्या कानात जाते आणि दुसरी भिंतीवर. (भिंतीला टेकून आंघोळ केली की दोन्ही मिळतात. सवय होते.) मग किटलीच्या पाण्यात पांढरे पापुद्रे तरंगायला लागले. चहात ते आले तेव्हा मी दूध नासलं समजून दूधवाल्याला फैलावर घेतलं, आता तो खाली पिशवी ठेवून वर न बघता जातो. इस्त्रीने माझ्या चांगल्या सदऱ्यावर चुना ओकला. वॉशिंग मशीनमधलं मला ओ की ठो कळत नाही. फेस येईना म्हणून पावडर वाढवत गेलो, तर कपडे इतके कडक वाळले की माझी विजार बाथरूमच्या दाराशी टेकून उभी राहिली. संध्याकाळी बाहेरून आलो, अंधुक उजेडात कोणीतरी उभं दिसलं, आणि मी विजारीला म्हणालो, “आलीस का?” हे तिला सांगू नकोस.

शेवटी गीझर गार पडला. दुरुस्तीवाल्याने आतली कॉइल बाहेर काढली. बोटाएवढी असते म्हणे, ती मनगटाएवढी झाली होती. तो म्हणाला, “काका, पाणी जड आहे.” अगदी याच शब्दांत. मी त्याला वही दाखवली. त्याने ती आदराने वाचली (माणूस सज्जन आहे) आणि मग समजावलं की जड म्हणजे वजनाने जड नव्हे. पाण्यात क्षार विरघळलेले असतात, पाणी तापलं की ते कॉइलवर बसतात. किती असतात विचारलं, तर म्हणाला, लिटरमागे अर्धा ग्रॅम असतील. आता माझा तराजू दोन ग्रॅमच्या खाली हलतच नाही. एवढ्या फरकाला आम्ही खात्यात चालण्याजोगा फरक म्हणायचो आणि दुकानदाराला सोडून द्यायचो. मी कॉइल तोलली, खपल्या खरवडल्या, पुन्हा तोलली. दोनशे चाळीस ग्रॅम. ताई, ती दोन वर्षं रोज थोडं थोडं सांगत होती, आणि मी रोज चालण्याजोगा फरक म्हणून सोडून देत होतो. त्या ढिगाकडे बघून मला फार वाईट वाटलं. दुरुस्तीवाल्याने मात्र त्याचा संबंध गीझरशी लावला.

बाकी सर्व ठीक. गुडघ्यांना जप.

तुझा,
धाकटा

ता.क. पाणी मऊ करायचं यंत्र कालच बसवून घेतलं आहे, हे तिच्या कानावर सहज घाल. मी कळवलं म्हणू नकोस. साबणाला इतका फेस येतो की मला एकट्याला तो आवरत नाही.

ता.क. २. वर तब्येत ‘उत्तम’ लिहिली आहे ती खोटी नोंद समजावी. तिला पाठव. म्हणजे, येतेस का, असं माझ्या वतीने विचार.

ता.क. ३. सोबत त्या खपल्यांची पुडी आहे, ती तिला दे. तिच्या सहीचं पानच फाडून बांधली आहे. निकाल खोडून त्याखाली या वेळी मी सही केली आहे, पूर्ण नाव लिहून. वजनाची जागा कोरी ठेवली आहे. ती म्हणेल तेवढं.