मांडवपरतणीच्या आधी अंदमान

३ मार्च, पोर्ट ब्लेअर

पोहोचलो. लग्नाले नऊ दिवस झाले. मांडवपरतणी व्हायची आहे, पण आधी हे अंदमान — काहून, तं तिकिटं सस्ती भेटली! इथून परतली का परतणीले आठ दिवस माहेरी, बालाघाटले. मंग हा घ्यायले येईल. तेव्हा साफ सांगणार — नाही येत! माह्या मोठ्या बहिणीले, अंजूताईलेच फक्त माहीत आहे.

हा म्हणजे नवरा. खेमराज. लालबर्‍याचा राइस मिलवाला. विमानात शेजारच्या बाईले चिवडा दिला अन् विचारलं, "तुमच्याकडे धानाले काय भाव?" मी खिडकीकडे तोंड करून बसली.

४ मार्च, हॅवलॉक

पांढरी रेती, निळं पाणी, लोक चूपचाप बसून पाहून राह्यले. अन् हा? पँट गुडघ्यापर्यंत वर, चपला हातात, आईले व्हिडिओ कॉल! "माय, पाह्य, लाट आली, लाट!" सारे आमच्याकडेच पाहून राह्यले. शरम नाही ना काही नाही.

हा आंघोळीले गेला तं अंजूताईले फोन लावला. म्हणलं, एमएससी करून कोंड्याच्या पोत्याशी बांधली गं मले! परतणीले आली का पुन्हा जात नाही, पक्कं. लय हसलो दोघी.

५ मार्च

आज मूग गिळून बसला. चिवडाही नाही काढला. बरंच झालं!

६ मार्च, नील बेट

सकाळी कड्यावर गेलतो. खाली टोकदार दगड अन् फेस. मी जरा पुढं झाली, तं यानं मागून ओढणी धरली — जशी मी बकरीच! "पडलीस तं तुझ्या बाबाले काय सांगू?" एवढंच बोलला दिवसभरात.

दुपारी प्रवाळ पाहायले पाण्यात उतरलो. मले पोहणं येत नाही. तोंडात श्वासाची नळी. हा वैनगंगेत शिकलेला, यानं हात धरला. अन् खाली — बाई गं! जांभळं, पिवळं, मधूनच निळ्या मासोळ्यांचा थवा. मी किंचाळली, खारं पाणी प्याली, खोकली. हा हसला नाही. मी असती तं हसली असती. काठावर आल्याबरोबर हात सोडला.

काही बोलावंसं वाटलं. मंग म्हणलं, जाऊ दे. कोंड्याशी काय बोलायचं!

८ मार्च, विमानतळ

चहा आणून दिला. म्हणे, "श्रुतिका, त्या दिवशीचा फोन ऐकला मी. तू राह्य माहेरी आरामानं. मी घ्यायले येत नाही. खोट माह्यातच होती, असं सांगतो घरी."

पाहिजे होतं तेच भेटलं. तरी बायांच्या संडासात दार लावून रडून राह्यली मी. काहून?