तिवरांच्या चिखलातलं शिसं

५ जानेवारी
संकल्प: यंदा रिसर्च पेपर. केमिस्ट्रीचा बाकीचा स्टाफ बघत बसेल. विषय घरचाच. सासुरवाडीच्या खाडीत, तिवरांखालच्या चिखलात जड धातू किती. पूनमला पाचवा महिना, ती माहेरीच आहे. बायकोची भेट आणि सॅम्पल, एकाच फेरीत.

१२ जानेवारी
ओहोटीला चिखल काढला. गुडघ्यापर्यंत रुतलो. सॅम्पलचे डबे घरी राहिले. सासरे रावजींनी पागाच्या, म्हणजे फेकायच्या जाळ्याची पिशवी दिली, तिच्यातून आणला. जेवायला निवट्यांचं, चिखलातल्या छोट्या माशांचं कालवण. पूनमला त्याचेच डोहाळे. रावजी रोज त्याच चिखलातून निवट्या धरून आणतात. हौशी माणूस.

३ फेब्रुवारी
रिपोर्ट. शिसं भलतंच जास्त. मग ट्यूब पेटली: पागाच्या जाळ्याला शिशाच्या गोळ्या असतात. पिशवीतलं शिसं चिखलाला लागलं. स्वतःची चूक पकडतो तोच खरा संशोधक. पूनमला बोललो नाही, उगाच घाबरेल.

९ फेब्रुवारी
नवे प्लास्टिकचे डबे, नवा चमचा. आता चूक अशक्य. पूनमने पहिल्या रिपोर्टचं विचारलं. प्रोसेसमध्ये आहे म्हणालो. तसं खोटं नाही.

२ मार्च
शिसं आधीपेक्षा जास्त. वर कॅडमियम. आदल्या दिवशी कुठल्यातरी कंपनीचं पाणी सुटलं असेल. लॅबचं मशीनही जुनं. तिसऱ्यांदा केल्याशिवाय बोलणं अशास्त्रीय. निवट्या मात्र बंद करायला सांगणार. नक्की. डोहाळजेवण झालं की.

१६ मार्च
डोहाळजेवण. पूनमच्या हट्टापायी ताटात निवट्या, चिंबोऱ्या, सगळं खाडीचं. बायकांनी पहिला घास मला भरवायला लावला. सगळे बघत होते. भरवला. एका घासाने काय होतंय. मला जेवण गेलं नाही. ऊन फार होतं.

४ एप्रिल
तिसरा रिपोर्ट. तेच. पेपर पक्का. संध्याकाळी सगळ्यांसमोर आकड्यांसकट सांगून टाकलं. सासूबाईंनी चुलीवरचं कालवण उतरवलं. कोणी अभिनंदन केलं नाही.

११ एप्रिल
पूनमच्या रक्तात शिसं. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळाचं आत्ताच काही सांगता येत नाही, खाडीचं खाणं आधीच थांबवायला हवं होतं. बाहेर बाकावर रावजी आपल्या हातांकडे बघत बसलेले. म्हणाले, माज्या हातानं तिला खाऊ घातलं रोज. मग विचारलं, तुमाला कवापासून ठावं व्हतं, जावईबापू. मी म्हणालो, तीन रिपोर्टशिवाय ठाम बोलता येत नाही. त्यांनी मान फिरवली.
रिक्षात बसताना पूनम म्हणाली, तुम्ही अजून एकदा खात्री करा, मग या.
रिक्षात तिसऱ्याला जागा होती.