खळीचे डाग

बाबा, आज मी फ्रिजवर एक चिठ्ठी चिकटवली. ‘नोख आइनमाल, बिटे’. म्हणजे, कृपा करून पुन्हा एकदा सांगा. साठीला आलेली तुमची लेक जर्मन शिकते आहे हे ऐकून तुम्ही आधी हसला असता आणि लगेच वही तपासायला मागितली असती. तुमची नात तिकडे म्युनिकला स्थायिक झाली. तिची मुलगी चार वर्षांची आहे, आणि तिला मराठी येत नाही. व्हिडिओ कॉलवर ती मला घडाघडा काहीतरी सांगते. मी एकदा पुन्हा सांग म्हणते, दोनदा म्हणते, तिसऱ्यांदा ती कंटाळून फोन आईकडे देते. माझी मुलगी म्हणते, "जाऊ दे ना आई, मी सांगते ना ती काय म्हणाली ते." क्लासमधली, इथल्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आयटी कंपन्यांतली पोरं एकदा वाचून धडा म्हणून दाखवतात. माझे सकाळचे शब्द दुपारच्या जेवणापर्यंत टिकत नाहीत. आता हे जमेल असं मला वाटत नाही, खरंच सांगते.

चिठ्ठी चिकटवताना आपलं फॅक्टरीच्या क्वार्टर्समधलं स्वयंपाकघर आठवलं. आपण नागपूरहून नुकतेच बंगळूरला आलो होतो. तुम्ही रद्दी ड्रॉइंगच्या पाठकोऱ्या कागदांच्या पट्ट्या कापल्या, आईकडून मैद्याची खळ शिजवून घेतली आणि ओट्यामागच्या भिंतीवर कन्नड वाक्यं ओळीने चिकटवली, देवनागरीत, खाली मराठी अर्थ. डाळ-तांदळाची नावं त्यात नव्हतीच. ‘इन्नोंदु सल हेळि’, पुन्हा सांगा. ‘स्वल्प निधान हेळि’, जरा हळू सांगा. ‘नंगे गोत्तिल्ला’, मला माहीत नाही. "आधी शिकण्यापुरती वाक्यं यायला हवीत," तुम्ही म्हणायचात, "मग समोरचा माणूसच मास्तर होतो." अजून दिसतं, आई पोळ्या लाटताना ती वाक्यं पुटपुटते आहे. भाजीवाल्या अक्काला अडखळत विचारते आहे, आणि अक्का हसून पुन्हा सांगते आहे. थोड्याच दिवसांत आई एकटी बाजारात जायला लागली होती.

मग तुम्ही ट्रेनिंगला हैदराबादला गेलात. परत आलात तर भिंत कोरी, नुसते खळीचे डाग. तुम्ही पायातले बूटही काढले नव्हते. "तुला शिकायचंच नाहीये," तुम्ही आईला म्हणालात. आई खाली बघत म्हणाली, "नाही हो जमत मला." त्यानंतर तुम्ही एकही चिठ्ठी लिहिली नाहीत. बाजारात आईच्या वतीने मी बोलायला लागले. पुढे बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे मीच. तुमच्या मागे तिचं ऑपरेशन झालं. मी औषधं आणायला खाली गेले होते. नर्सने दुखत नाही ना असं विचारलं ते तिला कळलं नाही, ती आपली ‘सरी, सरी’, म्हणजे बरं बरं, म्हणत राहिली. मी वर आले तेव्हा तिने चादर मुठीत घट्ट धरली होती, आणि नर्सच्या कागदावर दुखत नाही असं लिहिलेलं होतं.

हे पत्र जर्मनच्या वहीतच राहणार आहे. बाबा, त्या चिठ्ठ्या आईने काढल्या नव्हत्या. शाळेतली मैत्रीण घरी आली, भिंत वाचून खो-खो हसली, आणि ती गेल्यावर मी स्टुलावर चढून एकेक चिठ्ठी ओरबाडून काढली. आई दारात उभी होती. "हळू, पडशील," एवढंच म्हणाली. तुम्ही तिच्यावर चिडलात तेव्हा मी तिथेच वही उघडून बसले होते, आणि मी मान वर केली नाही.