माफ करा बाबा, पुढं जा

११ एप्रिल १९३५, गुरुवार

जुम्मेरात, म्हणजे सकाळपासून दारात फकीर. दुपारी जेवायला बसलो तर पुन्हा कुणी खाकरलं. टोपलीतली शेवटची भाकरी माझ्या ताटात होती. बसल्या जागेवरून ओरडलो, "माफ करा बाबा, पुढं जा!" गेला बिचारा. दुआसुद्धा दिली नाही.

संध्याकाळी बांधावरून आलो. आंब्याला कैऱ्याच कैऱ्या! माझ्या बापाने लावलेला आंबा. चुलतभाऊ कडूबाने जाफराबादच्या कचेरीत पवित्र शास्त्रावर हात ठेवून सांगितलं, "आंबा माझ्या बापानं लावला." झालं, आंबा त्याचा. तेव्हापासून बोलणं बंद. रोज प्रार्थनेत साऱ्या गावासाठी मागतो, पण कडूबाचं नाव आलं की मला खोकला येतो.

१२ एप्रिल

बैलाच्या खुराला हळद-तेल बांधलं. ऊन फार.

१४ एप्रिल, झावळ्यांचा रविवार



आज देवळात कडूबा साक्ष द्यायला उभा राहिला. "मी खोटी शपथ खाल्ली. आंबा दादाच्या बापानं लावला. गुरुवारी कबूल करायला दादाच्या दारात गेल्तो. नुसता खाकरलो. तोंड उघडलं न्हाई, तवर दादा आतून म्हणला, माफ! पुढं जा!"

पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी. "मागण्याआधीच क्षमा! देव असाच आहे." सगळं देऊळ माझ्याकडे वळून "आमेन" म्हणालं. मी हातातल्या झावळीकडे बघत बसलो.

म्हणजे तो फकीर कडूबा होता!

घरी बायको पदर तोंडात घालून हसली. "फकिराची माफी भावाला पोचली की वो!"

१५ एप्रिल

जो भेटेल तो हात जोडतो. शेजारच्या द्वारकाबाईने अंगणात बसवून ताक पाजलं. "दादा, लई मोठं काळीज तुमचं." पिऊन टाकलं. ताक चांगलं होतं.

१७ एप्रिल

पाळकसाहेबांचा निरोप: पुनरुत्थानाच्या दिवशी प्रभुभोजनाला तुम्ही आणि कडूबा जोडीने पुढे या.

आता आली पंचाईत! मनात आंबा तसाच उभा आहे, त्या हाताने प्रभूची भाकरी कशी घेऊ? कडूबा बोलून खोटं वागला, मी गप्प बसून वागतोय.

बायको म्हणाली, "सांगून टाका बराबर."

"म्हणजे दिलेली माफी वापस घेऊ?"

"दिली कव्हा व्हती वापस घ्यायला?"

या बाईपुढे पाळकसाहेबही हरतील.

१९ एप्रिल, उत्तम शुक्रवार

उपास. देवळातली भक्ती लांबली. प्रभूच्या हातात खिळे ठोकणाऱ्यांपैकी एकानेही माफी मागितली नव्हती. त्यांच्यासाठी त्यानेच मागितली, टांगल्या टांगल्या! मागण्याआधी क्षमा त्याची. मी तर भाकरी वाचवत होतो. आणि माझं काय काय त्याने न विचारता सोडून दिलं, ते आठवत बसलो. उठायचं भान राहिलं नाही.

घरी येऊन प्रार्थनेला बसलो. कडूबाचं नाव आलं. थांबलो.

खोकला आला नाही.

२० एप्रिल

आता माफी खरी झाली, पण गुरुवारची खोटी होती. उद्या भाकरीला हात लावण्याआधी कडूबाला सांगणार. रागावला तर रागावो.

२१ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

घंटा होण्याआधी त्याला आंब्याखाली गाठलं. "कडूबा, त्या दिवशी मला वाटलं दारात फकीर हाय."

तो कैरीला मीठ लावत होता. "ठावं हाय, दादा. तुमी 'बाबा' म्हणला ना! मला कव्हा बाबा म्हणला व्हता तुमी?"

"मंग भर देवळात तसं का सांगितलं?"

"फकीरच व्हतो की," कडूबा म्हणाला, "दारात जे भेटलं, ते झोळीत घेतलं." आणि मोठी फोड मला दिली.