कड्यावरची हाक

२१ जून
रेडिओवर काही नाही. ताईला अजून कळा सुरू झालेल्या नाहीत.

उयूतमामा म्हणतो, "सारखा रेडिओ पिळतोस, म्हणून बाळ घाबरून आत बसलंय!" त्याला सगळ्याचीच थट्टा. उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातल्या या कित्सिस्सुतच्या बेटांवर आम्ही दोघंच — उन्हाळाभर पक्ष्यांची राखण.

फेब्रुवारीत बर्फ फुटून दादा गेला. त्याचं नाव इथेही लिहीत नाही. ते एखाद्या बाळाला — मुलगा असो की मुलगी — मिळेपर्यंत तोंडातून काढायचं नसतं. मिळालं, की माणूस परत आला. पण एनोकदाजींची आईसुद्धा याच वसंतात गेली. आणि बाळाला हाकेचं नाव एकच! ताईला दादाचं हवंय, दाजींना आईचं. शेवटी बाप ते, ठरवणार तेच.

२३ जून
धुकं. अंडी उघड्या खडकावरच. पक्षी दचकून उठले तर गडगडत समुद्रात. म्हणून इथे बंदुकीचा बार नाही, कड्यावर माणूस नाही, आरडाओरडा नाही. मामाने पहिल्याच दिवशी पाठ करून घेतलं.

२४ जून
रेडिओ गप्प.

२६ जून
दाजी आले! इंजिन बंद करून, वल्ही मारत — म्हणजे कशाला ते कळलंच.

"तुझी ताई कशालाच तोंड लावत नाही. सीलचं सूपसुद्धा नको. अंडं हवं म्हणते. चार-पाच घेतो."

"दाजी, नाही घेता येणार."

"वा रे पहारेकरी! पोराचा मामा होणार तू, आणि अंडी राखतोस कुणाच्या पोरांसाठी?"

दाजी दुखावले तर दादाचं नाव गेलंच! तरी नाहीच म्हटलं.

"वाळवलेला मासा ने तिला," मामा म्हणाला. "आणि कड्याकडे बघूही नकोस, तुझं पोट बघ केवढं!"

दाजी हसले, आणि दोर न बांधताच चढायला लागले.

अर्ध्यावर पाय सुटला. एका हातावर लोंबकळत होते. मी ओरडलो — आणि दाजींचं नाव नाही, दादाचं ओरडलो! मोठ्याने. पक्षी भरारा उठले. अंडी गडगडली.

दाजी एकदम स्थिर झाले. पायाला खाच सापडली. हळूहळू उतरले. मामाने टोपी काढून हातात धरली. दाजी रिकाम्या हातांनी बोटीत बसले. माझ्याकडे पाहिलंही नाही.

२७ जून
झोप नाही. घ्यायला बाळ नसताना नाव हाकारलं. आता ते कुठे जाईल? मामाला विचारलं.

"मला काय माहीत! असं कुणी केलेलं ऐकलं नाही."

आज थट्टा नाही. कड्याखाली पाण्यावर टरफलं. राखायला ठेवलेल्या माणसानेच केलं हे.

२९ जून
रेडिओवर नुसतं हवामान.

३० जून
मामाने कॉफी केली, माझा पेला माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "पी. नाव काही हरवत नाही." पण त्यालाही खात्री नव्हती.

१ जुलै
रेडिओवर दाजींचा आवाज! सगळ्या वस्तीला ऐकू जावा असा. "अरे मेहुण्या, बोलावलंस ना, आता सांभाळ! मुलगी झालीय. आईला मी समजावलंय, ती पुढच्या खेपेला येईल. कड्यावर मला ज्याने धरून ठेवलं, त्याला दारात उभा कसा ठेवू?"

पाविआ. पाविआ. पाविआ.

पाविआदादा आज सकाळी आली.